बी राखणारी, तीही शेतकरीच

(शहापूर-मुरबाड भागातल्या महिला मंडळांच्या व बचत गटांच्या शिबिरात, पावसाळ्याच्या तोंडावर केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'परसबाग व बियाणे संवर्धन' असं लिहिलंय. नाव भारदस्त आहे. विषय मात्र घरामागच्या वेलींचा आहे. दुधी, शिराळी, घोसाळी, काकडी, कारली, पडवळ, भोपळा आणि मांडवावर चढणारा वाल. या वेलींचं बी पुढच्या वर्षासाठी कसं धरायचं, हे मी बोलणार आहे. त्यातलं निम्मं तुम्हाला माझ्याहून चांगलं येतं. पण हे एक ज्ञान आहे, हे एक काम आहे आणि त्यावर आपला हक्क आहे, असं आपण मोठ्यानं कधी म्हणत नाही. म्हणून आज दोन्ही बोलू. बी कसं राखायचं, आणि ते कुणाच्या हातात राहायचं.

आधी कामाची वाटणी बघू. आपल्याकडे भात हे घराचं पीक. राब भाजण्यापासून आवणी-कापणीपर्यंत बाई राबते, पण सातबारा बाप्याच्या नावावर आणि भाताचे पैसे त्याच्या खात्यात. रब्बीची भेंडी केली, तर व्यापाऱ्याशी बोलणार तोच. बाईच्या हातात उरतं ते घरामागचं परस. तिथे ती न्हाणीचं, भांड्यांचं पाणी वळवते, चार काठ्या रोवून मांडव घालते. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. हंडा हंडा आणलेलं पाणी, तेही एकदा वापरून झालेलं, यावर ती वेल जगते. श्रावण-भाद्रपदात त्या वेलीवर घर भाजी खातं. उरलेली भाजी पाटीत घालून बाई मुरबाडच्या नाहीतर शहापूरच्या बाजारात बसते, आसनगाव-खर्डीहून लोकल धरून कल्याणपर्यंत जाते. त्या पैशाचं मीठ-तेल येतं, पोरांच्या वह्या येतात. याचा हिशेब कुठेच लागत नाही. विचारलं तर तीच म्हणते, "मी कुठं काय करते? परसात दोन वेल आहेत."

त्या दोन वेलींचं बी पूर्वी विकत आणावं लागत नव्हतं. सासूच्या गाडग्यात असायचं, शेजारणीकडून यायचं, माहेराहून लुगड्याच्या पदराला गाठ मारून यायचं. मुलगी नांदायला जाताना भोपळ्याच्या बिया बरोबर न्यायची. जमीन तिच्या नावावर होत नव्हती, पण बी तिच्याबरोबर चालायचं. हळूहळू पुडी आली. कधी योजनेत फुकट आली, कधी दुकानातून. पुडी आणायला बाजारात जातो तो बहुतेक वेळा पुरुष. मग कुठला दुधी लावायचा हे कोण ठरवतं? दुकानदार आणि घरधनी. ज्या एका गोष्टीत बाईचा शब्द चालत होता, तिथलाही निर्णय कुणाशी न भांडता, गुपचूप तिच्या हातून गेला.

मी पुडीच्या विरोधात नाही. संकरित वाण उत्पन्न जास्त देतं, बाजारासाठी कुणी लावत असेल तर जरूर लावावं. पण पुडीवर काय छापलंय ते वाचून घ्या. आपल्याला वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. 'संकरित' किंवा 'हायब्रीड' लिहिलं असेल, तर त्याचं बी धरून उपयोग नाही. दोन वेगळ्या वाणांचा संकर करून ते बी केलेलं असतं. पहिल्या वर्षी सगळ्या वेली एकसारख्या येतात. त्यांचं बी पेरलं की पुढच्या वर्षी कुणी आजीवर जातं, कुणी आजोबावर. एक वेल लांब फळाचा, दुसरा आखूड, तिसऱ्याला फळंच थोडी. मग घरात म्हणतात, "हिला बी धरता येत नाही." बाई बी नीट धरते, ते बीच तसलं असतं. पुडीवर 'सुधारित' किंवा 'सरळ वाण' असेल, तर त्याचं बी धरता येतं. आणि आपलं गावठी वाण तर पिढ्यान् पिढ्या धरूनच आलेलं आहे.

आता फुलांकडे येते.

दुधी, शिराळी, काकडी, भोपळा यांच्या वेलीला सुरुवातीला जी फुलं येतात ती बहुतेक गळून जातात. कुणी त्यांना वांझ फुलं म्हणतं. बायांनो, ती वांझ नाहीत. ती नर फुलं आहेत! (हशा) एकाच वेलीवर नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. ज्या फुलाच्या मागे लहानसं फळ दिसतं ते मादी. ज्याच्या मागे नुसता देठ ते नर. नराचा पराग मादीवर गेला की फळ धरतं. भुंगे, मधमाश्या, रात्रीचे पतंग हे काम करतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, शिराळीचं पिवळं फूलही दिवस कलताना. पडवळाचं झालरीचं फूल रात्री फुलतं. भोपळा, घोसाळी आणि कारली सकाळच्या फुलांची. रानातल्या करटुलीत तर नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा. फळ देत नाही म्हणून करटुलीचा वेल उपटून टाकला, तर तो नर असतो, आणि मग शेजारच्या वेलींनाही फळ धरत नाही. फळ नाही म्हटलं की दोष आधी कुणावर येतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पावसाची झड लागली की माश्या हिंडत नाहीत, पराग धुऊन जातो. मग मादी फुलामागचं बोटभर फळ पिवळं पडतं आणि गळतं. कधी फळमाशी डंख मारते आणि फळ सडतं. आपल्याकडे याचं कारण काय सांगतात? कुणीतरी बोट दाखवलं. विटाळशीची सावली पडली. म्हणून पाळी आली की बाईनं वेलीकडे जायचं नाही. म्हणजे खत घालायला, पाणी घालायला, मांडव बांधायला तीच, आणि फळ गळलं तर खापरही तिच्यावर.

भांडण करण्यापेक्षा करून बघावं, असं माझं म्हणणं आहे. आमच्या एका गटातल्या सुनांनी ते केलं. ज्यांना पाळी आली होती त्यांनीच परागीकरण केलं, आणि ओळखू यावं म्हणून त्या देठांना लाल दोरा बांधला. फळं धरायची तशी धरली. सासवांनी बघितली. कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या महिन्यात त्या सुनांना वेलीकडे जायला कुणी अडवलंही नाही. मंचावरून पाळीविषयी भाषण करण्यापेक्षा त्या लाल दोऱ्यानं जास्त काम केलं.

हे हातानं परागीकरण करायचं कसं, ते सांगते, कारण शुद्ध बी धरायचं तर ते लागतंच. आपल्या शिराळीजवळ शेजारणीची दुसरी शिराळी असेल तर माश्या दोन्हींचा पराग मिसळतात. शिराळी आणि घोसाळीचाही आपसांत संकर होऊ शकतो. दुधी आणि लाल भोपळा यांचा मात्र होत नाही, ती भीती नको. बियाणांसाठी लावलेल्या दोन वाणांत अर्धा-एक किलोमीटर अंतर ठेवावं असं शास्त्र सांगतं. आपल्या परसात ते कुठून आणायचं? म्हणून युक्ती. जे फूल पुढच्या खेपेला उमलणार, ती फुगलेली कळी ओळखू येते. अशी एक मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या उमलायच्या आधीच दोऱ्यानं हलक्या बांधून ठेवायच्या. उमलायची वेळ झाली की नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मादी फूल सोडून त्याच्या मधोमध नराचा पराग हळूच फिरवायचा. मग मादी फूल परत बांधायचं, म्हणजे दुसरी माशी आत शिरत नाही. देठाला रंगीत चिंधी बांधायची. ते फळ बियाण्याचं. नर फूल शक्यतो त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलीचं घ्यावं. वालाला एवढा खटाटोप नाही. त्याचं फूल बहुतेक स्वतःच फळतं. दोन प्रकारचे वाल थोडे लांब लावले की पुरे.

बी कुठल्या वेलीचं धरायचं? जी वेल रोगाला बळी पडली नाही, जिनं झडीच्या पावसातही फळ दिलं, जिची भाजी घरात आवडली, तिचं. आणि एकाच वेलीचं नको. चार-पाच वेलींचं एकत्र करा, म्हणजे वाण दमदार राहतं.

इथे एक धोक्याची गोष्ट नीट ऐका. आपल्या रानात कडू शिराळी असते, कडू भोपळा असतो. रानाकडेच्या वेलीत त्यांचा पराग मिसळला, तर पुढच्या पिढीत फळ कडू निघू शकतं. दुधी, शिराळी, घोसाळी चिरताना तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा, ती भाजी टाकून द्या. मीठ-गूळ घालून ती कडू भाजी 'बाई खाईल' असं करू नका. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो चालतो. कडू निघालेल्या वेलीचं बी कधीही धरू नका.

आता फळ वेलीवर राखायचं. वाचायला सोपं, घरात अवघड. बियाण्याचं फळ पिकून वाळेपर्यंत वेलीवर ठेवलं की वेल नवीन फळं कमी धरते. म्हणजे त्या दिवसांत भाजी कमी, पाटीतला माल कमी. शिवाय ते भलंमोठं फळ सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. एका पाड्यातल्या बाईनं चिंधी बांधून दुधी राखला होता. पाहुणे आले, नवऱ्यानं तोच तोडून आणला. ती रडली तर म्हणाला, "त्यात काय, दुकानात पुडी मिळते." ती मला म्हणाली, "ताई, त्यानं दुधी नाही नेला, माझं वरीस नेलं." म्हणून माझी सूचना आहे की बी कुठलं धरायचं हे घरात सगळ्यांसमोर सांगा. चिंधी कुणाची आहे हे घराला माहीत पाहिजे. बियाण्याचं फळ तोडायचं तर बाईला विचारायचं, एवढा नियम घरात लागला तरी ती लहान गोष्ट नाही.

दुधी, शिराळी, घोसाळी वेलीवरच वाळू द्या. हलवल्यावर आत बी खुळखुळलं की तयार. काकडी पिवळी-तांबूस, अगदी जून होऊ द्या. तिचा गर बियांसकट भांड्यात एक-दोन दिवस ठेवा, आंबला की धुवा. तळाशी बसेल ते भरलेलं बी, वर तरंगेल ते पोकळ. कारलं आणि पडवळ पिकून नारिंगी झालं की बियांवरचा लाल गर राखेनं चोळून काढा. भोपळा तोडल्यावर महिनाभर घरात ठेवून मग फोडा. वालाच्या शेंगा वेलीवर वाळवा. कुंपणावर फुलांसाठी लावलेल्या गोकर्णीलाही हेच लागू. शेंग वाळून तपकिरी झाली की काढा, पेरताना बी रात्रभर भिजवा.

बी सावलीत वाळवा. आपल्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने दमट हवा, आणि ओल हीच बियाची मोठी शत्रू. नीट वाळलं असेल, तर दुधी-शिराळीचं बी तीन-चार वर्षंसुद्धा उगवतं. कच्चं वाळवलं तर पुढचा मृग बघत नाही. चुलीच्या धुरावर शिंक्यात टांगलेली शिराळी, राख घालून तोंड लिंपलेलं गाडगं, वालाला चोळलेली तांबडी माती, हे आपल्या म्हाताऱ्यांचं शहाणपण आहे. चूल जाऊन गॅस आला तिथे धूर गेला, ही बाईच्या छातीला चांगलीच गोष्ट. तिथे घट्ट झाकणाची कोरडी बरणी आणि खाली चमचाभर राख असं चालेल. पेरायच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात-आठ उगवल्या तर बी चांगलं.

आता सगळ्यात मोठा प्रश्न. या सभेत कातकरी वाड्यांवरच्या बाया आहेत. दिवाळीनंतर त्यांच्या घरांना कडी लागते आणि अख्खं घर वीटभट्टीवर जातं, ते पावसाळ्याच्या तोंडावर परततं. दुधी-शिराळी वाळते नेमकी तेव्हाच. वाल तर माघ-फाल्गुनात येतो, तेव्हा इथे राखायला कुणीच नाही. बंद घरातलं बी उंदीर खातात. या बाईला मी 'बी राख' असं कोणत्या तोंडानं सांगू? तिचं बी तिच्या आळसानं जात नाही. उचल घेऊन भट्टीवर जावं लागतं, म्हणून जातं. म्हणून बी राखणं हे एकेकट्या बाईवर टाकून भागणार नाही. गटानं राखायचं. जी गावात राहते तिच्याकडे गटाची बियाण्याची पेटी. जाणारीनं आपलं बी पुडीत बांधून नाव लावून ठेवायचं. नाव लिहिता येत नसेल तर खूण करायची. परतल्यावर घ्यायचं, आणि पीक आलं की मूठभर जास्त परत करायचं. ज्या बाईकडे पेटी आहे तिच्या कामाचा मोबदला गटानं ठरवायचा. फुकट नाही.

मोबदल्याचं मुद्दाम बोलते. आजोबाच्या डोंगरापलीकडे अकोले तालुका. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत आहेत. शाळेत न गेलेली आदिवासी बाई, तिनं वाल-घेवड्याचे, भाताचे, भाज्यांचे गावठी वाण गोळा केले, बायफ संस्थेच्या साथीनं बियाणे बँक उभी केली. २०१८ साली बीबीसीच्या जगभरातल्या १०० स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्यासारख्याच डोंगरातल्या बाईचा हा सन्मान आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे. लोक त्यांना प्रेमानं 'बीजमाता' म्हणतात. पण आपण सगळ्यांनी एक लक्षात ठेवावं. आपल्या समाजात एकदा माता म्हटलं की मजुरी विचारायची नसते. आईच्या कामाला दाम नसतो. त्यामुळे आपल्या गटातल्या बायांना कुणी उद्या माता म्हणालं तर हात जोडा, आणि मग शांतपणे सांगा की आम्ही शेतकरी आहोत.

आणि हे कायदाच म्हणतो. २००१ साली पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला. त्यात शेतकरी कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. जमीन कसणारा तो शेतकरी आहेच. पण जो कुणी एकट्यानं किंवा इतरांबरोबर पारंपरिक वाण जतन करतो, निवड करून त्यात भर घालतो, तोही शेतकरी. या व्याख्येत सातबारा मागितलेला नाही. म्हणजे परसात वाल राखणारी भूमिहीन बाईसुद्धा या कायद्यानं शेतकरी आहे. याच कायद्याचं ३९वं कलम शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, परत पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचा हक्क देतं. संरक्षित वाणाचं बी फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. २०१९ साली पेप्सिको कंपनीनं गुजरातमधल्या बटाटा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर दावे लावले होते. शेतकरी संघटनांनी याच कलमावर बोट ठेवलं, देशभर ओरड झाली आणि त्याच वर्षी कंपनीनं दावे मागे घेतले. हक्क कागदावर असला तरी तो माहीत असलेलं माणूस लागतं.

पण एवढ्यावर समाधान मानू नका. कृषी खात्याच्या खिडकीशी गेलं की पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्यांच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लागलं पाहिजे, एकट्या बाईचा दावा तिच्या नावावर झाला पाहिजे. इथे किती जणींनी आपल्या घरचा पट्टा उघडून बघितलाय? घरी गेल्यावर बघा. आपलं नाव नसेल तर ग्रामसभेत अर्ज द्या. ज्या जमिनीचे प्लॉट पडतात, फार्महाऊसला कुंपण लागतं, तिथे परसही जातं आणि बीही जातं. जमीन विकायच्या कागदावर सही मागतात तेव्हा तरी बाईला विचारलं जावं, यासाठी कागदावर नाव हवं.

तर या पावसाळ्यात करायचं काय? प्रत्येक गटानं निदान तीन वेलींचं गावठी बी निवडावं. ज्या म्हाताऱ्यांकडे जुनं वाण आहे, त्यांच्याकडे जाऊन बी मागावं आणि त्यांची नावं, त्यांनी सांगितलेले गुण एका वहीत लिहावेत. दिवाळीआधी पेटी तयार ठेवावी, म्हणजे भट्टीवर जाणाऱ्यांचं बी त्यात जाईल. आणि वहीच्या पहिल्या पानावर गटातल्या सगळ्या बायांची नावं लिहून वर एकच शब्द लिहावा, 'शेतकरी'.

माझं बोलणं संपलं. मी पिशवीत थोड्या पुड्या आणल्या आहेत, घोसाळी आणि पांढरा वाल. ज्यांना हव्यात त्यांनी जेवणाच्या सुट्टीत घ्याव्यात. तुमच्याकडचं काही आणलं असेल तर ते मलाही द्या.